सुटलेला दम

शिरगाव, ता. पालघर
दि. ९ नोव्हेंबर १९८३

॥ श्री ॥

चि. सौ. वत्सलेस थोरल्या भावाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

भाऊबीजेला आलीस, दोन दिवस राहिलीस आणि गेलीससुद्धा. तू ओवाळलेल्या निरांजनाची काजळी अजून देवघराच्या फळीवर आहे. सूनबाई दमयंती ती पुसायला निघाली होती, मी पुसू दिली नाही. ती म्हणाली की बाबांचं आता सगळंच कवितेसारखं व्हायला लागलंय. व्हायला लागलंय कसलं, आधीपासून तसंच आहे. तिला सासरी येऊन सहाच वर्षं झाली म्हणून तिला नवल.

कमलाकांतराव यंदाही पालघरला उतरले नाहीत. तुझी पिशवी खिडकीतून माझ्या हातात दिली, लांबूनच नमस्कार केला आणि त्याच गाडीनं मुंबईकडे गेले. परतताना तुला घ्यायला आले तेव्हाही डब्याच्या दारातच. दरवर्षी त्यांचं मुंबईत काहीतरी काम निघतं आणि ते नेमकं भाऊबीजेलाच निघतं. मी विचारत नाही. घरच्या जावयाला काय विचारायचं? पण तो आधी माझा विद्यार्थी होता, त्या मुलाला मात्र कधीकधी विचारावंसं वाटतं.

तुझी थट्टा ऐकायला मिळावी म्हणून आपल्या संघाची बातमी लिहितो. पानमळा क्रीडा मंडळाचा सराव दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाला. सात जणांत चार बोईसरच्या कारखान्यांत आहेत. कुणाची पहिली पाळी, कुणाची दुसरी. काल सरावाला तिघं होते, त्यातला एक पंचेचाळिशीचा झुंबर. तिघांत कबड्डी कशी खेळायची? मग त्यांनी मैदानातलं गवत काढलं आणि घरी गेले. त्या चौघांतल्या प्रतापनं कारखान्यात पर्यवेक्षकाकडे माघातल्या स्पर्धेची सुट्टी मागितली, तर तो हिंदीत म्हणाला म्हणे की तेरी टीम सोला साल से हार रही है, हारने के लिए छुट्टी काहे को चाहिए. प्रताप सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही.

सोळा वर्षं, वत्सले. अडुसष्टपासून आपण एकदाही चषक उचलला नाही. दोनदा उपांत्य फेरी, एरवी पहिल्या नाहीतर दुसऱ्या दिवशीच परतीची बस. दरवर्षी मी पालघरला मैदानाच्या टोकाला, वडाखाली जाऊन बसतो, दरवर्षी मनाशी म्हणतो की हे शेवटचं, आणि पुढच्या माघात छत्री घेऊन पुन्हा तिथंच. सातपाटीची मैनाबाई मावऱ्याची टोपली घेऊन मासे विकायला आळीत येते. ती काल टोपली उतरवतानाच म्हणाली की मास्तर, आमचे बोंबील चार दिवसांत वाळतात, तुमचा संघ सोळा वर्सं वाळत हाय, आता तरी काढा खाली. सगळी आळी हसली. तिला बोलायचा हक्कच आहे. अडुसष्टच्या अंतिम सामन्यात तिच्याच नवऱ्यानं, नामदेवनं, कमलाकांताचा पाय धरला होता.

आणि शिट्टी मी वाजवली होती. असो. तो विषय तुला नको असतो.

उजव्या कानात हल्ली सतत समुद्र गाजत असतो. दमयंती पालघरच्या कानाच्या डॉक्टरकडे ने म्हणून मुलाच्या मागे लागली आहे.

नवसारीची थंडी सांभाळ. सर्वांना यथायोग्य सांगावे. भावावरचा जीव आहे तेवढाच ठेव, जास्त मागत नाही.

तुझा,
आत्मादादा


नवसारी
दि. २१ नोव्हेंबर १९८३

॥ श्री ॥

ती. दादास वत्सलेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी काजळीची गोष्ट वाचून मी हसले आणि मग पदर डोळ्याला लावला. दमयंतीला सांग, फळी पुसून टाक. मी पुढल्या वर्षी नवी काजळी करून देईन. तू आमच्या लहानपणीही असाच होतास. आईनं भात उतरवायला सांगितला की तू वाफेकडे बघत राहायचास आणि भात लागायचा.

तुझ्या संघाचं काय सांगतोस? माझं लग्न ठरलं तेव्हा आईला मुलाचं घर, वाडी, नारळ किती हे विचारायचं होतं, आणि तू सांगत बसलास की मुलाचा दम आळीत सगळ्यांत लांब आहे. तुझी कविता हा एका श्वासात तीनदा म्हणतो, म्हणून वत्सलेला द्यायला हरकत नाही! अशा मुद्द्यावर दिलेली मुलगी तालुक्यात मी एकटीच असेन. ती कविता मला अजून पाठ आहे. आमच्या शाळेत सगळ्यांनाच होती.

*शीड पांढरे दूर निघाले, वाऱ्यावरती डोले,*
*काठावरच्या सुरूबनाचे डोळे झाले ओले;*
*भरती येई, ओहट जाई, वाळू तशीच राही,*
*गेले त्यांची वाट किनारा रोज नव्याने पाही.*

दादा, एक सांगते, पण तुझ्यापाशीच ठेव. तुझं पत्र आलं की हे विचारत नाहीत. मी वाचून फडताळात ठेवते. दुसऱ्या दिवशी बघावं तर घडी वेगळी असते. मी चार घड्या घालते, हे तीन घालतात. पंधरा वर्षं ही चोरी चालू आहे आणि मीही चोर पकडत नाही. यावेळी तुझ्या पत्रावर सुपारीचा बारीक चुरा सापडला, तोही संघाच्या मजकुरावर.

मैदानाचं नाव मात्र घरात निघत नाही. यांच्या गिरणीच्या पोरांनी दोनदा संघाला शिकवायला बोलावलं, तर गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. रविवारी आठ कोस चालून येतात.

मी तुमच्या दोघांत कधी पडले नाही. लग्न होऊन आलेल्या बाईनं नवऱ्याची बाजू घ्यावी की भावाची, हे कुठल्या पुस्तकात लिहिलं असेल तर पाठव.

कान दाखव. टाळू नकोस. तुझी माया अशीच पत्रातून पाझरत राहो.

तुझी,
वत्सला


शिरगाव
दि. १४ डिसेंबर १९८३

॥ श्री ॥

चि. सौ. वत्सलेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल डॉक्टरकडे जाऊन आलो. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही, म्हणून हे पत्र वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घे.

डॉक्टर तरुण आहे, गोड बोलतो. त्यानं एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटला आणि आधी डाव्या कानाशी धरला. वर्गातल्या घंटेचा शेवट असतो तसा नाद आला. मग उजव्या कानाशी धरला. मी वाट पाहत राहिलो. तो विचारत होता की ऐकू येतं का, आणि मला वाटलं त्यानं अजून चिमटा आपटलाच नाही. उजवा कान गेला आहे, वत्सले. आणि आज नाही गेलेला. तो म्हणाला की असा कान पंधरा-वीस वर्षं हळूहळू जात असतो, माणसाला पत्ता नसतो, कारण दुसरा कान त्याचं काम करत असतो.

पंधरा-वीस वर्षं. मी बसमध्ये बसलो आणि बोटांवर मोजलं. तुम्ही दोघं गाव सोडून गेल्यालाही तेवढीच झाली.

तुला तो दिवस पुरता कधी सांगितलाच नाही. तू तेव्हा बायकांच्या कनातीत होतीस, तुला फक्त आरडाओरडा ऐकू आला. ऐक आता. माघातली अष्टमी उलटलेली होती. आपल्याकडे स्पर्धा नेहमी भांगात ठेवतात, कारण अष्टमीच्या आसपासच्या त्या दिवसांत भरती-ओहोटी मंद असते, पाण्याला ओढ नसते, होड्या काठाला असतात आणि सातपाटीची पोरं मोकळी असतात. अंतिम सामना आपला आणि त्यांचा. मुंबईहून यायचे पंच गाडी वैतरणा स्टेशनात खोळंबल्यामुळे आलेच नाहीत. तेव्हा सातपाटीकरांनीच माझं नाव पुढे केलं. मी त्यांच्या शाळेतही सहा वर्षं शिकवलेलं. ते म्हणाले की मास्तर शिरगावचे असले तरी खोटी शिट्टी वाजवायचे नाय. मला केवढा अभिमान वाटला होता! त्या अभिमानाचीच शिक्षा पुढे भोगली.

गुण बरोबरीत. शेवटची चढाई. कमलाकांत दम घुमवत गेला. त्यानं कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला, आणि परतताना नामदेवनं खालून पाय धरला. तिघं अंगावर पडले. तो त्यांना तसाच ओढत मध्यरेषेकडे सरपटत निघाला. रेषेला बोटं लागली आणि तोंडातला दम चालू असला तर आपण जिंकलो. दम आधीच सुटला असेल तर हरलो. मी शिट्टी वाजवली आणि त्याला बाद दिला. लोकांना दिसलं ते एवढंच की बोटं रेषेवर आणि शिट्टी, दोन्ही एकदमच. त्या दिवसापासून आळी म्हणते की मास्तरनं आपल्याच जावयाचा जिंकलेला सामना सातपाटीला दिला, आणि ती शिट्टी संघाला लागली.

मी सोळा वर्षं स्वतःला एकच सांगत आलो: मी ऐकलं ते ऐकलं, दम सुटला होता. आता वाटतं, मी मध्यरेषेशी उभा होतो, तोंड तलावाकडे. म्हणजे कमलाकांत माझ्या उजव्या हाताला होता. उजव्या कानाकडे. त्याचा दम सुटला, की मलाच तो ऐकू आला नाही?

वत्सले, हे एकच माणूस सांगू शकतं. तू विचार त्याला. त्यानं हो म्हटलं तरी चालेल, नाही म्हटलं तरी चालेल. नाही म्हणाला तर मी माघात आळीतल्या सगळ्यांसमोर मारुतीच्या पारावर उभा राहून कबूल करीन की चूक माझी होती. सोळा वर्षं माझ्या कानापायी त्यानं गाव सोडलं असेल, तर ते माझ्या हयातीत मला कळायला हवं.

इथं थंडी पडली आहे. एक समुद्र उजव्या कानात, बाहेरचा डाव्या कानात. उत्तराकडे डोळे लावून आहे.

तुझा,
आत्मादादा


नवसारी
दि. ३० डिसेंबर १९८३

॥ श्री ॥

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी फडताळात ठेवलं नाही. जेवताना मोठ्यानं वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत, चिमट्यासकट.

हे जेवत होते. वाचताना मी मान वर केली नाही, पण ताटातला आवाज थांबलेला कळला. तू मारुतीच्या पारावर उभा राहणार म्हणालास तिथं आले तेव्हा ताट सरकवल्याचा आवाज आला. आमटीभात तसाच टाकून चपला घालून बाहेर गेले. माझ्या लग्नानंतर यांनी पानात अन्न टाकलेलं मी दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्यांदा त्या सामन्याच्या रात्री.

पूर्णा नदीकडे गेले असतील. दोन तासांनी आले, पायाला चिखल. मी विचारलं की दादाला काय कळवू. म्हणाले की तू काही कळवू नकोस. मला राग आला, दादा. मी म्हटलं की मी तुमच्या दोघांमधली मध्यरेषा नाही, की एकानं हात लावायचा आणि दुसऱ्यानं शिट्टी वाजवायची. दोघंही पुरुष आहात, दोघांना लिहिता येतं, दोघंही त्याच शाळेत होतात. यावर यांना हसू आलं. खूप दिवसांनी आलं.

मग झोपायला जाताना दारात थांबून विचारलं की यंदा माघातला भांग कोणत्या तारखेला पडतो. मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी नवसारीची बाई. तेव्हा स्वतःच पंचांग काढून बसले.

याचा अर्थ तुझा तू लाव. तू कवितांचे अर्थ लावतोस, हा सोपाच आहे. माझं प्रेम गृहीत धर, विचारत बसू नकोस.

तुझी,
वत्सला


नवसारी
दि. ८ जानेवारी १९८४

॥ श्री ॥

ती. मास्तरांच्या चरणी कमलाकांतचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. आठ दिवसांत चार कागद फाडले. शाळेत तुम्ही शुद्धलेखन तपासायचात, ती भीती अजून आहे. चुका असल्या तर खूण करून परत पाठवू नका.

तुम्ही विचारलंत, आणि मी उत्तर द्यायला सोळा वर्षं लावली. दम सुटला होता.

नामदेवनं पाय धरला त्याच क्षणी सुटला. मी तोंडावर आपटलो आणि छातीतली सगळी हवा निघून गेली. तिथून रेषा चार हात लांब होती. ते चार हात मी नुसतं तोंड हलवत सरपटलो. आवाज नव्हता. माझं तोंड लोकांना दिसत होतं, त्यांना वाटलं मी म्हणतोय. नामदेवला कळलं होतं. माझ्या पायाशी त्याचा गाल होता, त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोही बोलला नाही. त्याला बोलायची गरजच पडली नाही, शिट्टी झाली.

मास्तर, तुमच्या कानाचा दोष नाही. उलट आहे. दम सुटल्यावर चार हात मला शिट्टीची वाट बघावी लागली. मी एकेक हात पुढे जात होतो आणि मनात म्हणत होतो की आता वाजेल, आता वाजेल. तुम्ही वाजवली ती माझी बोटं रेषेला टेकताना. आधीच वाजवली असती तर कुणीही तुम्हाला बोललं नसतं. तुम्ही उशीर केलात, म्हणून लोकांना वाटलं मी पोचलो होतो.

मी उठून सांगायला हवं होतं. लोक तुमच्या अंगावर धावून गेले, झुंबरनं तुमची छत्री मोडली, आणि मी मान खाली घालून बसलो. लोक मला खांद्यावर घेऊन म्हणाले की तू जिंकलास, मास्तरनं घात केला. मला ते गोड लागलं. दुसऱ्या दिवशी खुपायला लागलं, पण तोवर सांगायची वेळ गेली होती. मग गिरणीची नोकरी धरून निघून आलो. तुम्हाला वाटलं मी तुमच्यावर रुसून गेलो. मी तुमच्यासमोर यायला लाजत होतो. गाडी पालघरला थांबते तेव्हा तुम्ही डाव्या हातात छत्री धरून उभे असता, तीच, दुरुस्त केलेली. खिडकीतून ती मूठ दिसते आणि माझ्यानं उतरवत नाही.

तुम्ही पारावर उभं राहायचं नाही. उभा राहीन तो मी.

एक विचारायचं आहे, रागावू नका. ते चार हात तुम्ही का थांबलात?

वहिनींना जाऊनही नऊ वर्षं झाली, तेव्हाही मी आलो नाही, तेही या हिशेबात धरा. पायाशी जागा मिळावी एवढीच इच्छा.

तुमचा विद्यार्थी,
कमलाकांत


शिरगाव
दि. १७ जानेवारी १९८४

॥ श्री ॥

चि. कमलाकांतरावांस अनेक आशीर्वाद.

राव हा शब्द लिहिला आणि थांबलो. सोळा वर्षं लिहीत आलो तो आज हातातून उतरत नाही. कमलाकांता, तुझं पत्र मी सुरूच्या बागेत नेऊन वाचलं. घरी वाचलं असतं तर दमयंतीनं डॉक्टरला बोलावलं असतं.

शुद्धलेखनाची एकच चूक सापडली. ती कुठली ते सांगणार नाही, आयुष्यभर शोधत बस.

तू विचारलंस मी का थांबलो. हे मी कुणाला, तुझ्या वहिनीला, रखमेलासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि तुझं पत्र येईपर्यंत स्वतःलाही नाही. मला दम सुटल्याचं लगेच कळलं होतं. डाव्या कानानं असेल, उजव्यानं असेल, पण कळलं. शिट्टी ओठांत होती. आणि मी वाट बघत राहिलो, की तुझा आवाज परत येईल. अकरा वर्षांचा होतास तेव्हा तू माझी कविता एका श्वासात म्हणायचास. तिसऱ्या खेपेला शेवटच्या ओळीवर आवाज बुडायचा आणि मला वाटायचं संपलं, आणि मग तो कुठूनतरी वर यायचा. सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. मी तेवढ्यासाठी थांबलो. सुटलेला दम परत आला तरी तो चालत नाही, हा नियम मीच पोरांना शिकवला होता. तरी थांबलो. सातपाटीकरांनी ज्याच्यावर विश्वास टाकला त्या पंचानं चार हात आपल्या पोराला दिले. म्हणजे मीही साधा नव्हतो. तू सोळा वर्षं स्वतःला एकट्याला दोषी धरलंस, ते अर्धं मला दे.

राहिला संघ. पोरांचा दम फार आखूड झाला आहे रे. कारखान्याच्या धुरानं म्हणतात, मला वाटतं कुणी शिकवणारं नाही म्हणून. प्रताप चांगला आहे, पण मध्येच श्वास चोरतो.

भांग फेब्रुवारीच्या दहा तारखेपासून आहे. मी फलाटावर उभा असेन. छत्री आणणार नाही.

तुझा,
आत्माराम मास्तर


शिरगाव
दि. १४ फेब्रुवारी १९८४

॥ श्री ॥

चि. सौ. वत्सलेस उदंड आशीर्वाद. वि. वि.

तुझा नवरा आणखी चार दिवस इथंच राहणार आहे, गिरणीत तार केली आहे, म्हणून त्याच्याआधी माझं पत्र पोचेल. तू स्वतः आली असतीस तर बरं झालं असतं. आली नाहीस, कारण दोघांनी आपापलं उरकावं असं तुला वाटलं. तुझं बरोबर होतं. नेहमीच असतं, म्हणून तर राग येतो.

तो मला तार करून, स्पर्धेच्या आठवडाभर आधी, तीन तारखेलाच आला. मी फलाटावर होतो. तो उतरला, पायाशी वाकला आणि तिथंच राहिला. लोक वळसा घालून जात होते. एक टीसी म्हणाला की काका, काही हरवलं का. मी म्हटलं, नाही, सापडलं.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर मंडळ जमलं. तो उभा राहिला आणि लांबण न लावता सांगून टाकलं की दम सुटला होता आणि मी गप्प बसलो. मीही चार हातांचं सांगितलं. मला वाटलं आता दुसरी छत्री मोडते. शेवटी झुंबर उठला, घसा साफ केला आणि म्हणाला की एवढं सांगायला सोळा वर्सं लागतात तर चहा प्यायला किती लागतील, चला घरी. पण जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला होता. मोडलेल्या छत्रीबद्दल तो अजून बोललेला नाही. बोलणार नाही. आमच्या पिढीला तेवढंच जमतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं पोरांना हातात घेतलं. पहाटे, पहिल्या पाळीची बस यायच्या आधी, सगळे समुद्रावर. तू विश्वास ठेवणार नाहीस, त्यानं त्यांना माझी कविता पाठ करायला लावली. कारखान्यातली मिशीवाली पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून एका श्वासात शीड पांढरे म्हणतायत! पहिल्या दिवशी कुणी दुसऱ्या ओळीपुढे गेलं नाही. प्रताप म्हणाला की मास्तर, ओळी जरा छोट्या करता येतील का. मी सुरूच्या झाडामागे उभा होतो, मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं, तरी मी तिथून हललो नाही.

आता स्पर्धेचं. पहिले दोन सामने आपण जिंकलो. खरंच जिंकलो. मैनाबाई टोपलीवर उभी राहून ओरडत होती की सुकट पाण्यात पडली, पुन्ना ताजी झाली. नामदेवही आला होता. केस पांढरे, खांदे तसेच. तो आमच्या मागून गुपचूप आला आणि खाली बसून त्यानं कमलाकांताचा घोटा पकडला. कमलाकांतनं मागं न बघता सांगितलं की नामदेव, सोड, दम कधीच सुटलाय. दोघं पोटभर हसले, आणि मग दोघांनी उपरण्यानं डोळे पुसले.

रविवारी उपांत्य सामना मासवणच्या संघाशी. वडाखाली मी माझ्या नेहमीच्या जागी बसलो. कमलाकांत माझ्या डाव्या हाताला बसला. मी त्याला सांगितलं की दिसतं सगळं, पण एवढ्या लांबून दम ऐकू येत नाही, मुकी कबड्डी बघतोय असं वाटतं. आपली चढाई सुरू झाली तसं त्यानं तोंड माझ्या डाव्या कानाशी आणलं आणि हळूच, मैदानावरच्या पोराच्या जोडीनं, दम घुमवायला लागला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. प्रत्येक चढाईला. पोरगा परतला की हाही थांबायचा, पोरगा गेला की हाही निघायचा. गरम श्वास, सुपारीचा वास. वत्सले, सोळा वर्षांनी मी सामना ऐकला.

शेवटच्या मिनिटाला आपण एका गुणानं मागे होतो. प्रताप गेला. दोघांना शिवला आणि परतताना तिघांनी धरला. तो सरपटला, मी उठून उभा राहिलो, कमलाकांतही माझा खांदा धरून उठला. रेषेपासून वीतभर अंतरावर प्रतापचं तोंड मिटलेलं मला दिसलं. पंचानं त्याच क्षणी शिट्टी दिली. तरुण पंच होता, त्यानं अजिबात वाट पाहिली नाही. चोख काम. आपण हरलो. सतरावं वर्ष.

मासवणच्या पोरांनी उड्या मारल्या. झुंबरनं टोपी जमिनीवर आपटली. प्रताप तसाच पालथा पडून राहिला होता.

पण माझ्या कानात दम थांबला नव्हता. शिट्टी झाली, लोक उठले, धूळ उडाली, तरी कमलाकांत म्हणतच होता. एकदा आवाज बुडाला, मला वाटलं संपलं. मी हललो नाही. मग तो कुठूनतरी वर आला.

पुढच्या माघाच्या सुट्टीचा अर्ज प्रतापनं कालच देऊन ठेवला आहे. नवरा परतला की आमटी जरा जास्त कर, तो कालपासून तुझ्याच हातच्या आमटीची आठवण काढतोय. आपल्या लोभाची घडी आता चारची घाल की तीनची, फडताळ उघडंच राहू दे.

तुझा,
आत्मादादा